देवाला सोडलेली डाळ

मशिनीवर पडलेल्या माणसाला एकच काम असतंय, गप पडून ऱ्हायचं. मला तेवढं बी धड जमत न्हाई. नर्स म्हणती, "अण्णा, सुई लावलेला हात हलवू नको." मी हात हलवत न्हाई, तोंड हलवतो. पण बाजूच्या खाटंवरचा हसला की मला बी हसू येतंय, हसलो की हात हलतोय, हात हलला की मशीन कोकलती. मंग नर्स पळत येती आन् म्हणती, "आता काय सांगितलंस?" म्हणजे विनोद मी सांगायचा आन् शिव्या मशिनीनं द्यायच्या, असं आमचं दोघांचं चाललंय.

माझं गाव मादन हिप्परग्याच्या अंगाला. किडन्या दोन्ही गेल्यात. एक गेली असती तर अंधारात शोधली असती, दोन्ही गेल्यावर काय शोधता? आठवड्याला तीनदा तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन रगत धुऊन घ्यायचं. त्या दिवशी कुणी मेलं तर मातीला जाता येत न्हाई, कुणाचं लगीन असलं तर अक्षता टाकायला जाता येत न्हाई. पाणी दिवसाला एक गडू, त्यातच गोळ्या, त्यातच चहा. बांधलेल्या जनावराला निदान दावं दिसतंय. माझं दावं दिसत न्हाई, पण लांब गेलो की हिसका बसतोय. एक पाळी चुकवली की पाय सुजत्यात, छातीत घुरघुर होती, आन् मी शहाण्यावाणी आपल्या पायानं परत दवाखान्यात जाऊन खाटंवर आडवा होतो.

आधी मी शेळ्या-बकऱ्याचा धंदा करायचो. शाळा मी बघितलीय, न्हाई असं न्हाई. पत्र्यावर अडकलेला चेंडू काढायला चढलतो तवा वरनं सगळी बघितली. माझं शिक्षण म्हणजे हे दोन हात. बोकडाच्या कमरंवर हात ठिवायचा, कण्याच्या दोन्ही बाजूनं बोटं दाबायची, आन् आत किती मास हाय ते सांगायचं. फुगलेले केस बघायचे न्हाईत, फुगलेलं पोट बघायचं न्हाई. दाबून बघायचं. बाजारात लोक मला हाक मारून न्हेत, "ये गा, जरा हात लावून सांग." मी असा ऐटीत जायचो की बोकड बी घाबरायचं.

तरी एकदा फसलो. बोकड असं गुबगुबीत, पोट नगाऱ्यावाणी. विकणाऱ्यानं त्याला सकाळी मीठ चारून वर पाणी पाजलतं. ही बाजारातली जुनी चलाखी, सगळ्यांना ठाऊक हाय, मला तर सगळ्यांपरीस जास्त. पण त्या दिवशी विकणाऱ्याला हसवायच्या नादात मी कंबर दाबायचीच इसरलो. घरी आणस्तोवर बोकड रस्ताभर मुतलं. दारात आलं तवा निम्मं ऱ्हायलतं. अक्का बाहेर येऊन म्हणली, "बोकड कुठाय? हे तर त्याचं कातडं हाय."

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. मालक वारल्यावर माहेरी आली ती हितंच ऱ्हायली. माय गेल्यावर मला तिनंच वाढवलं. म्हणून मी असा निघालो, असं गाव म्हणतंय. वाढवलं म्हणून एवढा तरी निघाला, असं अक्का म्हणती. घरात आम्ही दोघंच. माझं लगीन जमलं न्हाई. एके ठिकाणी पोरगी बघायला गेलतो, पोरीच्या बापानं इचारलं, "काय करता?" म्हणलं, "बकऱ्याच्या कमरा दाबतो." त्यानं पोरीला आत पाठवून दिलं आन् चहा बी अर्धाच दिला.

आता डाळीचं सांगतो, कारण सगळा घोळ डाळीचा हाय.

मशीन लागायच्या आधी, किडन्या नुसत्या कुरकुर करायल्या होत्या तवा, डॉक्टरनं सांगितलं, "किडनीवर ओझं टाकू नका. डाळ कमी, मटण कमी, अंडी कमी, मीठ कमी." अक्का सोबत होती. तिच्या कानाला "कमी" हा शब्द ऐकू येत न्हाई. तिला "बंद" ऐकू येतंय. दुसऱ्या दिवसापासनं भाजी उकडायची, पाणी फेकायचं, परत उकडायची, परत पाणी फेकायचं. खाली ऱ्हायली ती भाजी नव्हती, भाजीची आठवण होती. त्यासंगट ज्वारीची भाकरी. मी म्हणलं, "अक्का, फेकलेलं पाणी म्हशीला घालतीस, म्हैस बघ कशी टुणटुणीत झालीय." ती म्हणली, "तिच्या किडन्या चांगल्या हायत."

एवढं करून बी किडन्या ऱ्हायल्या न्हाईत. ज्या दिवशी मशीन लागायचं ठरलं त्या दिवशी अक्का देवळात गेली. आमच्यात अशी रीत हाय, कुणाचं दुखणं बरं व्हावं म्हणून एखादी खायची गोष्ट देवाला सोडायची. कुणी भेंडी सोडतंय, कुणी गूळ सोडतंय. हुशार माणसं कारलं सोडत्यात. अक्कानं काय केलं, डॉक्टरनं जे जे कमी करा म्हणलतं ते ते सगळं देवाला सोडून टाकलं. "माझा भाऊ मशिनीवरनं सुटंपतोर ह्या घरात डाळ शिजणार न्हाई, अंडं येणार न्हाई, मटण-वशाट येणार न्हाई. तो खाणार न्हाई आन् मी बी खाणार न्हाई." नारळ फोडून घरी आली आन् मला म्हणली, "आता काळजी करू नको."

आमच्या भागात तुरीची डाळ सोडायची म्हणजे काय ते बघा. रानात तूर, खळ्यावर तूर, घरात कोपऱ्याला तुरीची पोती. रस्त्यानं ट्रक जायलेत ते तुरीचे. सगळा मुलूख डाळीवर जगतोय आन् आम्ही दोघं बहीण-भाऊ पोत्याला टेकून कोरडी भाकरी खायलोत.

मशीन लागल्यावर खायचं बदलतंय, हे मला तवा कळलं न्हाई. सांगितलं नसंल असं न्हाई. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी खाटंपशी येऊन काहीतरी सांगितलं आन् मी "व्हय, व्हय" म्हणलं, कारण त्या टायमाला मी बाजूच्याला बोकडाची गोष्ट सांगायलतो.

महिन्यातनं एकदा गुलबर्ग्याच्या मोठ्या दवाखान्यातनं एक डाएटवाली मॅडम यायची. कानडी बाई, वयानं बारकी, मराठी आमच्यातच बोलून बोलून शिकलेली. खाटंपशी आली की पहिलं इचारायची, "ऊटा आयतेन्री?" म्हणजे जेवण झालं का. मी म्हणायचो, "आयतु री, झक्कास." भूक लागती का? झक्कास. जेवण जातंय का? झक्कास. ती पुढल्या खाटंकडं जायची. आता मला सांगा, आमच्याकडं कुणी जेवलास का म्हणून इचारलं तर न्हाई असं कोण सांगतंय? दोन दिसाचा उपाशी माणूस बी ढेकर देऊन दाखवील. न्हाई म्हणलं की पुढच्याला ताट वाढावं लागतंय, मग तो अवघडतोय, आपण अवघडतो. लहानपणापासनं तोंडाला तीच सवय. ती दवाखान्याची मॅडम हाय, इचारणं तिचं काम हाय, हे डोक्यात आलंच न्हाई. असे किती महिने गेले. वजन बी हलत न्हवतं. काट्यावर उभा ऱ्हायलो की तेवढंच. गाल तर वर आलते. गावात लोक म्हणायचे, "मशीन मानवली गा तुला." मी मिशीवरनं हात फिरवायचो.

त्यात चांगली बातमी आली. गुलबर्ग्याच्या डॉक्टरनं अक्काचं रगत तपासलं आन् म्हणला, "जुळतंय. तुमची एक किडनी ह्यांना बसवता यील."

अक्का म्हणली, "आजच काढा. मी सकाळपासनं काय खाल्लेलं बी न्हाई."

डॉक्टर हसला. मंग माझ्याकडं बघितलं, माझा सदरा वर करायला लावला, पाठीवरनं हात फिरवला, आन् हसायचं थांबला. म्हणला, "हे अंग ऑपरेशन सोसायचं न्हाई. मास ऱ्हायलं न्हाई. जखम भरून यायला पाहिजे का नको? आधी मॅडमकडनं नीट तपासून घ्या, अंग भरा, मंग तीन महिन्यानं दोघं बी या."

मला वाटलं, वजनाचीच भानगड हाय ना, वजन आपण करून दाखवू. पुढल्या पाळीला मॅडम येणार होती. मी सकाळी ताकाचे दोन तांबे पिलो, वर पाणी पिलो, खिशात कुलपाची मोठी चावी ठिवली आन् काट्यावर जाऊन असा उभा ऱ्हायलो जसा गणपती बसवलाय. मॅडमनं काटा बघितला, माझे पाय बघितले, पायावर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच.

"अण्णा, हे वजन कुणाचं हाय?"

"माझंच की."

"मशीन झाल्यावर परत उभं ऱ्हावा. तवा बघू कुणाचं हाय."

त्या दिवशी मशिनीनं ताक बी काढलं आन् पाणी बी काढलं, आन् काढता काढता माझ्या पायात असे पेटके आले की मी खाटंवर कानडीत, मराठीत आन् उर्दूत वरडलो. नर्स पाय चोळत म्हणली, "आता सांग विनोद." उतरलो तवा डोळ्यापुढं काजवे. मॅडमनं परत काट्यावर उभं केलं. काटा बघितला आन् मला वाटलं माझी एक तंगडी खाटंवरच ऱ्हायलीय.

"हे तुमचं वजन," मॅडम म्हणली. "दर महिन्याला मास उतरायलंय आन् तेवढंच पाणी भरायलंय. म्हणून काटा हलत न्हाई."

मला ते बोकड आठवलं. मीठ चारून पाणी पाजलेलं. फक्त ह्या टायमाला घेणारा बी मीच, विकणारा बी मीच.

मंग तिनं मला स्टुलावर बसवलं. म्हणली, "आज तोंडाचं ऐकणार न्हाई." माझ्या कानशिलावर बोटं ठिवली, तितं खळगा. गळ्याखालची हाडं चाचपली. सुई नसलेल्या दंडाला टेप गुंडाळली, एका चिमट्यानं मागची कातडी धरली. मंग म्हणली अंगठा आन् बोट जोडा. जोडलं. त्या दोघांच्या मधी चांगल्या माणसाला मासाचा उंचवटा येतोय. तिनं स्वतःचा हात करून दाखवला, बारकासा का हुईना उंचवटा होता. माझ्या हातात तितं वाटी झालती. तेल ओतलं असतं तर दिवा लावता आला असता.

शेवटी एक यंत्र दिलं, मुठीत धरून आवळायचं. मी पयल्यांदा सगळ्या खाटांकडं बघून घेतलं. म्हणलं, "मॅडम, मोडलं तर मला बोलू नका. ह्या हातानं बोकडं धरलीत." दात-ओठ खाऊन आवळलं. काटा हलला, पण असा हलला जसा झोपंतलं माणूस कूस बदलतंय. मी म्हणलं, "बिघडलंय हे." मॅडमनं ते नर्सच्या हातात दिलं. नर्सनं दुसऱ्या हातात बाटली धरून सहज दाबलं. काटा पळत सुटला. सगळे खाटंवरचे हसले, पहिल्यांदाच मी न सांगता हसले. मी बी हसलो. हसू नको तर काय करू.

"आता काल काय काय खाल्लं ते सांगा. सकाळपासनं."

सांगितलं. भाकरी, भाजीची आठवण, घोटभर चहा, परत भाकरी.

"डाळ?"

"सोडली."

"अंडं?"

"सोडलं."

"कुणी सांगितलं?"

"पहिलं तुमच्या डॉक्टरनं. मंग देवानं."

तिनं कपाळाला हात लावला. मंग समजावून सांगितलं. मशीन लागायच्या आधी किडनीवर ओझं नको म्हणून डाळ-अंडी कमी होती. आता रगत धुताना मशीन अंगातलं सत्व बी थोडं थोडं धुऊन न्हेती. ते भरून काढायचं. अंड्याचं पांढरं खा, पिवळं नको, त्यानं तुमच्या हाडाला बाधतंय. डाळ खा, मापात. मासा-कोंबडी चालंल. "न्हाई तर तीन महिन्यानं डॉक्टर परत हेच सांगंल, आन् पुढं सांगायला बी काय उरायचं न्हाई." हे तिनं खालच्या आवाजात म्हणलं.

बसमधी मी माझ्याच कमरंवर हात ठिवला, कण्याच्या बाजूनं बोटं दाबली. हाडाला लागली. असलं बोकड मी घेतलं नसतं. फुकट दिलं असतं तर इचारलं असतं, कशानं मरायलंय?

घरी येऊन अक्काला सगळं सांगितलं. ती सुपात तूर पाखडायली होती. पाखडायचं काय थांबली न्हाई.

"अंडं खा म्हणली?"

"पांढरं. पिवळं नको म्हणली."

"आन् डाळ?"

"मापात."

"डॉक्टरनं तर बंद म्हणलतं."

"कमी म्हणलता. आन् ते आधीचं होतं. आता बदललंय."

"डॉक्टरचं काय, सकाळी एक बोलतोय, दुपारी एक. देवाला काय सांगू? बदललंय म्हणून? मी नारळ फोडून बोललेय. भाऊ मशिनीवरनं सुटला की सुरू करीन म्हणलंय. तू सुट, डाळीचं पातेलं भरून शिजविते."

"अगं अक्का, मशिनीवरनं सुटायला तुझी किडनी पाहिजे. किडनी बसायला अंगात मास पाहिजे. मास यायला डाळ पाहिजे. आन् डाळ शिजायला मी मशिनीवरनं सुटायला पाहिजे."

अक्कानं सूप खाली ठिवलं. मला वाटलं कळलं. ती म्हणली, "लई बोलतोस तू. दम लागंल."

एवढं साधं गणित न शिकलेल्या मला कळलं, पण त्यातनं बाहेर पडायची वाट शिकलेल्याला बी घावली नसती. मॅडमनं फोनवर अक्काला समजावलं. अक्का सगळ्याला "व्हय बाई" म्हणली आन् फोन ठिवून भाजीचं पाणी फेकायला गेली. डॉक्टर, मॅडम, मी, आम्ही सगळे माणसं. तिचा सवदा माणसाशी झालेला न्हवता.

मंग मी चोरून खायचं ठरवलं. बाजारात उकडलेलं अंडं घेतलं, पिवळं कुत्र्याला टाकलं, पांढरं गिळलं. घरी जायच्या आधी तोंड धुतलं, तुळशीची पानं चावली, वर बडीशेप. उंबऱ्यात पाय ठिवला आन् अक्का म्हणली, "अंडं खाल्लास?"

"कुठं? छे."

"तुळशीचा वास यायलाय. तू कवा तुळस खायलास?"

मला वाटलं आता लाटणं यील. न्हाई आलं. तिनं माझं ताट वाढलं, समोर बसली, आन् सोताचं वाढून घेतलं न्हाई. म्हणलं, "तू?" म्हणली, "माझा उपास." दुसऱ्या दिवशी संध्याकाळपतोर तिनं पाण्यावाचून काय घेतलं न्हाई. सोडलेलं मी मोडलं होतं, ते ती भरून द्यायलीवती.

मी परत एकदा खाऊन बघितलं, थोडे दिस जाऊ दिल्यावर. परत तिचा उपास. रानात गेली तसंच, खुरपायला बसली तसंच, परत येऊन माझी भाकरी थापली. मी म्हणलं, "अक्का, तू जेव, मी परत खाणार न्हाई." ती म्हणली, "मंग खायचंच कामून?"

मंग मी अंडं सोडलं. तुम्ही म्हणाल येडा हाय. हाय की. पण घास माझ्या तोंडात आन् पोट तिचं रिकामं, हे कसं गिळायचं ते कुठलीच मॅडम सांगत न्हाई. मॅडमनं इचारलं की मी छताकडं बघायचो. ती दंडाला टेप लावायची, बघायची, सोडायची. आठवडे असे चाललते. सोमवार आला की खाट, बुधवार आला की खाट. छताला एक पंखा, त्याची एक पात वाकडी. घरात तुरीची पोती, दवाखान्यात वाकडी पात, मधी बस. ह्या तिन्हीतनं मी हिंडायलतो, घाण्याच्या बैलावाणी. बैलाला निदान खायला पेंड मिळती.

तीन महिने भरले. आम्ही गुलबर्ग्याला निघालो. अक्कानं ठिवणीतलं लुगडं नेसलतं, केसाला तेल, जशी लग्नाला निघालीय. बसमधी कडगंचीपासनं कॉलेजची पोरं चढली, कुणीतरी मला जागा दिली. मी म्हणलं, "बसतो बाबा, मास न्हाई, पण हाडाला बी जागा लागती." पोरगं कावरंबावरं झालं. अक्कानं मला कोपर मारलं. ते कोपर लई टोचलं, तवा मला वाटलं माझंच हाड हाय म्हणून टोचलं.

मॅडमनं माझा दंड मोजला. पहिल्यापरीस बी उतरलता. डॉक्टरनं कागद बघितले आन् नुसती मान हलवली. अक्का पुढं सरली.

"डॉक्टर, त्याचं सोडा. त्याचं अंग लहानपणापासनं असंच हाय. माझी किडनी भक्कम हाय, ती बसवली की तो आपोआप भरंल. माझं अंग बघा." आन् तिनं आपला दंड पुढं केला. "हितं लावा टेप."

मॅडमनं लावली. टेप गेली गोल फिरून, आन् वर बरीच उरली. अक्का त्या उरलेल्या टेपेकडं बघायली. मॅडमनं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, आत पांढरंफटक. काट्यावर उभं केलं. रगत काढलं, आम्हाला बाहेर बाकड्यावर बसवलं, मंग परत आत बोलावलं.

डॉक्टर म्हणला, "अक्का, मागल्या टायमाला तुम्ही चांगल्या होता. आता रगत कमी, वजन कमी. ह्या अंगातनं किडनी काढता येत न्हाई."

"कामून? मी रोज रानात जाते."

"काढली तर तुम्ही बी खाटंवर पडाल. हे एका खाटंवर, तुम्ही बाजूच्या खाटंवर. मंग भाकरी कोण करंल?"

मी तिच्याकडं बघितलं. दोन्ही हात मांडीवर, अंगठ्यापशी तसलीच वाटी. जगाची बोकडं दाबून बघितली, घरातलं माणूस हाताला लागलंच न्हाई. मला काहीतरी हसायचं बोलायचं होतं, म्हणजे तिचं तोंड तसलं दिसणार न्हाई.

"मंग आता कवाच न्हाई का?" अक्कानं इचारलं. असा बारीक आवाज मी तिचा कवा ऐकलता न्हाई.

"तसं न्हाई म्हणत मी. खा आन् या. दोघं बी खा. तुम्ही उपास धरला तर ह्यांची किडनी उपाशी ऱ्हाती, एवढं ध्यानात ठिवा. ती आत्ता तुमच्यापशी हाय, पण ह्यांची हाय ना?"

आम्ही बाहेर आलो. ऊन मरणाचं. बस यायला टाइम होता आन् दुसऱ्या दिवशी मशीन होती. दवाखान्याच्या फाटकापुढं उकडलेल्या अंड्याचा गाडा उभा होता. मी तिकडं बघितलं न्हाई, मुद्दाम दुसरीकडं बघत चाललो. माघारी वळून बघतो तर अक्का गाड्यापशी उभी.

गाडेवाला म्हणला, "कितने, अक्का?"

"दो. नमक नक्को."

त्यानं सोलून दिली. अक्कानं एक हातात घेतलं, बोटानं मधनं फोडलं, पिवळं बाजूला काढलं आन् पांढरं माझ्या हातावर ठिवलं. पिवळं तिच्या तळहातावर तसंच. ती त्याच्याकडं बघत उभी ऱ्हायली. ओठ हलायलते. मला वाटलं मला काय म्हणायली, जवळ गेलो. मला न्हवती म्हणत.

"देवा," ती म्हणायलीवती, "बघायलास तर बघ, न्हाई तर तिकडं तोंड कर."

आन् तिनं डोळे मिटून ते पिवळं तोंडात टाकलं. चावता चावता तिला ठसका लागला, डोळ्यातनं पाणी आलं, ठसक्याचं होतं का कशाचं मला काय ठाऊक. मी तोंड उघडलं काहीतरी बोलायला.

"गप," ती म्हणली. "खा."

मी खाल्लं. घास खाली जायला लई वेळ लागला. अक्कानं पदरानं हात पुसला, दुसरं अंडं उचललं, आन् ते फोडायच्या आधीच गाडेवाल्याला म्हणली, "भैया, और दो छील."